रोजचा क्रूस : बेळगावचे बाबा पद्मनजी

प्रभू येशूने शिष्यांना केलेला आत्मत्यागाचा उपदेश मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही आपल्या शुभवर्तमानांत नोंदविला आहे. त्यांपैकी एकट्या लूकने, आपल्या नवव्या अध्यायात, क्रूस उचलण्याच्या त्या आज्ञेत ‘दररोज’ असा शब्द घातला आहे. हौतात्म्य एकदाच पत्करावयाचे असते. रोज पत्करावयाचा क्रूस निराळा. तो स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर, पंगतीत आणि सोयरिकीच्या बोलणीत भेटतो. उपवासकाळात एखादा पदार्थ वर्ज्य करून आत्मत्याग साधला असे मानणाऱ्या भाविकाला त्याची कल्पना सहसा येत नाही. मराठी मुलुखात हा क्रूस कसा वाहिला गेला, हे पाहावयाचे तर एकोणिसाव्या शतकातील बेळगावकडे वळावे लागते.

इ. स. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, गावाला छावणी आली आणि १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने तेथे कार्य सुरू केले. मिशनची इंग्रजी शाळाही निघाली. मुलगा शिकला तर कचेरीत चिकटेल, एवढ्याच हिशेबाने पुष्कळ घरांनी मुले त्या शाळेत धाडली. शाळेत बायबल शिकवितात हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता येते, अशी त्यांची समजूत होती. याच शाळेत त्वष्टा कासार ज्ञातीतील एक मुलगा शिकत होता. बाबा पद्मनजी मुळे हे त्याचे नाव. जन्म बेळगावचाच, १८३१ सालचा.

पुढे शिक्षणासाठी मुंबईस गेल्यावर बाबांचा संबंध परमहंस मंडळीशी आला. १८४९ साली स्थापन झालेली ही मंडळी जातिभेद मानीत नसे. सभासद एकत्र येत आणि परजातीच्या हातचे खाऊन-पिऊन आपला निश्चय सिद्ध करीत. परंतु हे सर्व बंद दाराआड चाले. घरी गेल्यावर मात्र सोवळे नेसावयाचे आणि पंगतीस बसावयाचे. विचार उदात्त होता, किंमत कोणीच देत नव्हते. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली, तेव्हा ती मंडळी पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे कोसळली. मंडळींत खरे सुधारक होते आणि त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. जातीबाहेर जगणे म्हणजे काय, हे ज्याने भोगलेले नाही त्याने तरी तसे म्हणू नये.

बाबांनी तो आडोसा सोडला. ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही मुंबईच्या गर्दीत नव्हे, तर जेथे प्रत्येक वळणावर ओळखीचा माणूस भेटावा अशा जन्मगावी, बेळगावात.

त्या काळी याचा अर्थ काय होता? आज ‘घटस्फोट’ म्हटले की नवराबायकोची फारकत आठवते. मुळात तो जातिबहिष्काराचा विधी होता. पतिताला मेलेला समजून त्याच्या नावाने घट टाकावयाचा आणि संबंध तोडावयाचा. १८५० साली सरकारने एकविसावा कायदा करून धर्मांतरिताचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. पण कायद्याने वाटा मिळाला तरी पंगतीतला पाट कोण देणार? आईच्या हातचे पाणी कोणत्या कोर्टातून मिळवावे?

हा घाव एकाच बाजूला बसत होता असेही नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत त्यांच्यापाठोपाठ मिशनमध्ये गेला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व मुलगा परत मिळविला. मिशनमध्ये राहिलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. परत आलेल्या पोरालाही दार उघडताना समाज कचरत होता. दोन्ही घरांतील आईबापांचे अश्रू खारटच होते; ख्रिस्ती लेखकांनी ते पुरेसे मोजले नाहीत.

बाबांच्या बाबतीत सर्वांत मोठी किंमत संसाराने दिली. त्यांची पत्नी त्यांच्यामागे नव्या धर्मात आली नाही. पतीने श्रद्धेसाठी जे सोडले त्याला आत्मत्याग म्हणता येईल. पत्नीचे जे गेले ते तिने सोडलेले नव्हते. ते तिच्यापासून सुटले. या भेदाकडे चरित्रकारांचे लक्ष क्वचितच जाते. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, बाबांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गौरविलेल्या या पुस्तकाचा विषय हिंदू विधवांचे दुःख हा आहे. ज्या समाजाने पंगतीतून उठविले, त्याच समाजातील स्त्रियांचे हाल लिहिण्यास त्यांनी लेखणी उचलली. प्रचाराचा हेतू त्यात होताच, तो लपविलेलाही नाही. कळवळाही तितकाच खरा आहे. मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी १८६३ मध्ये सिद्ध केली. पाट गेला, पण भाषेवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र या साऱ्या प्रवासाचा वृत्तांत आहे. २९ ऑगस्ट १९०६ रोजी ते निवर्तले.

पत्नीच्या बाजूने हीच कथा ऐकावयाची तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे आल्या, त्या सोवळे घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. जातिभेद झुगारून देणारा कवी आपल्याच घरात पत्नीच्या दृष्टीने विटाळाचा ठरला. टिळकांनी सक्ती केली नाही. हा संयम त्यांच्या बाप्तिस्म्याहून कठीण असला पाहिजे, कारण तो रोज करावा लागत होता. पुढे जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला असे लक्ष्मीबाईंना स्वतःच उमगले. त्यांनी सोवळे टाकले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.