माणशी 50 किलो

पहाटेचे चार. 2020 चा जानेवारी, सिंगापूरचं चायनाटाऊन. चिनी नववर्ष 25 तारखेवर आलंय आणि तुम्ही न्यू ब्रिज रोडवर 'लिम ची ग्वान'समोर रांगेत उभे आहात. शटर अजून खाली, तरी रांग कोपऱ्यावरून वळलेली. पुढच्या आजीबाई घडीचं स्टूल घेऊनच आल्यात. मागचा पोरगा हसत सांगतो, आपण नुसतं उभं राहण्याचे पैसे घेतो.

उजाडल्यावर शटर वर जातं. कोळशाचा धूर आणि करपत्या साखरेचा वास एकदमच नाकात शिरतो. जाळीवर डुकराच्या मांसाचे पातळ, तांबूस, चौकोनी काप. कारागीर ते चिमट्याने उलटतो, काळी पडलेली कड कात्रीने छाटतो. हाच बाकक्वा. भावाची पाटी वाचून मात्र पोटात गोळा येतो: किलोला 50 सिंगापूर डॉलरच्याही वर, म्हणजे आपले अडीच हजार रुपये सहज गेले! 2018 पासून चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरं पटापट मेली, तेव्हापासून मांस महागलंय. पण साथ नसतानाही सण जवळ आला की भाव चढतोच. साऱ्या शहराला एकाच पंधरवड्यात हवं असतं ना.

आता 1938 सालात उतरा. याच वर्षी हे दुकान सुरू झालं. बांबूच्या सुपांत मसाला लावलेले काप उन्हात वाळताहेत. चीनमधल्या फुजियानहून आलेल्या होक्कियन लोकांची ही रीत: गावाकडे मांस सणासुदीलाच मिळायचं, म्हणून साखर-मिठात मुरवून, वाळवून ते टिकवायचं. तुमच्या शेजारचा हमाल दोनच काप मागतो. रोज मांस खाणं त्याला कुठून परवडणार?

परत 2020 मध्ये या. मांस आता रोज मिळतं, अपूर्वाई तेवढी रांगेमुळे टिकलीय. सणाच्या गर्दीत माणशी 50 किलोची मर्यादा घालण्याची वेळ या दुकानावर आलेली आहे. पन्नास किलो काही घरच्यांसाठी नसतं. ते जातं गिऱ्हाइकांना, साहेबांना, व्याह्यांना. तिथे चवीपेक्षा पाकिटावरचं नाव बघतात, हे माझं स्पष्ट मत.

सण पंधरा दिवसांचा. तो सरला की भाव उतरतो, फुटपाथ मोकळा होतो. बाकक्वा चाखायचाच असेल तर तेव्हा या.