घरांची जप्ती रोखण्याचे अमेरिकी सरकारचे प्रयत्न

गृहकर्जाचे हप्ते थकल्यास तारण ठेवलेले घर ताब्यात घेऊन विकण्याच्या प्रक्रियेला अमेरिकेत 'फोरक्लोजर' म्हणतात. २००७ पासून अशा जप्तींचे प्रमाण झपाट्याने वाढले. २०१० या एका वर्षात २८ लाखांहून अधिक मालमत्तांवर जप्तीसंबंधीची कारवाई सुरू झाली होती. ही लाट थोपवण्यासाठी जॉर्ज बुश आणि बराक ओबामा या दोन अध्यक्षांच्या प्रशासनांनी एकामागून एक योजना आखल्या. त्यांतून लाखो कुटुंबांची घरे वाचली. मात्र प्रमुख योजनांना जाहीर केलेली उद्दिष्टे गाठता आली नाहीत.

संकटाचे मूळ

घरांच्या किमती चढत होत्या त्या काळात परतफेडीची ऐपत बेताची असलेल्या ग्राहकांनाही 'सबप्राइम' कर्जे देण्यात आली. त्यांपैकी अनेक कर्जांचा व्याजदर पहिली दोन वर्षे कमी असे आणि नंतर एकदम वाढे. घराची किंमत वाढत असेपर्यंत नवे कर्ज काढून जुने फेडता येत होते. २००६ नंतर किमती घसरल्या आणि तो मार्ग बंद झाला. अनेकांच्या घराची किंमत शिल्लक कर्जापेक्षाही कमी झाली. त्यातच ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारीचा दर १० टक्क्यांवर पोहोचला.

सवलत मागायची कोणाकडे, हाही प्रश्न होता. कर्जे एकत्र करून त्यांवर आधारलेले रोखे जगभरातील गुंतवणूकदारांना विकले गेले होते. हप्ते गोळा करण्याचे काम 'सर्व्हिसर' म्हटल्या जाणाऱ्या कंपन्यांकडे होते. कर्ज बुडाल्यास तोटा गुंतवणूकदारांचा होई. सर्व्हिसरला मात्र जप्तीच्या प्रक्रियेतही शुल्क मिळत असे.

बुश प्रशासनाचे उपाय

ऑक्टोबर २००७ मध्ये सरकारच्या पुढाकाराने बँका, सर्व्हिसर आणि समुपदेशन संस्था यांची 'होप नाऊ' ही आघाडी स्थापन झाली. डिसेंबरमध्ये काही सबप्राइम कर्जांचे व्याजदर पाच वर्षे न वाढवण्याची योजना जाहीर झाली. दोन्ही उपाय ऐच्छिक होते.

जुलै २००८ च्या कायद्यान्वये ३०० अब्ज डॉलरपर्यंतच्या नव्या कर्जांना सरकारी विमा देण्याची तरतूद झाली. सुमारे चार लाख कुटुंबांना लाभ होईल, असा अंदाज होता. परंतु त्यासाठी कर्ज देणाऱ्याने घराच्या चालू किमतीच्या ९० टक्क्यांवरील रकमेवर पाणी सोडणे आवश्यक होते. कर्जदारावरही कडक अटी होत्या. तीन वर्षांत एक हजार कर्जेदेखील या योजनेत आली नाहीत.

ओबामा प्रशासनाची योजना

१८ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामा यांनी ॲरिझोना राज्यातील मेसा येथे ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. तिच्या 'हॅम्प' या भागात कर्जदाराचा मासिक हप्ता त्याच्या एकूण उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. त्यासाठी व्याजदर दोन टक्क्यांपर्यंत उतरवणे, मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवणे आणि मुद्दलाचा काही भाग पुढे ढकलणे, असा क्रम होता. सर्व्हिसरला प्रत्येक कर्जामागे अनुदान देण्यात येई.

तीस ते चाळीस लाख कुटुंबांना मदत करण्याचे उद्दिष्ट होते. २०१६ अखेर योजना बंद झाली तेव्हा कायम सवलत मिळालेल्या कर्जांची संख्या सुमारे १६ ते १७ लाख होती. त्यांपैकी अनेकांचे हप्ते पुन्हा थकले. कागदपत्रे गहाळ होणे, तीन महिन्यांचा चाचणी काळ लांबत जाणे आणि एकीकडे अर्ज विचाराधीन असताना दुसरीकडे जप्ती चालू राहणे, अशा तक्रारी सातत्याने आल्या. कमी व्याजाचे नवे कर्ज मिळवून देणारी 'हार्प' ही योजना मात्र अटी शिथिल झाल्यावर वेगाने वाढली. २०१८ पर्यंत तिचा लाभ ३० लाखांहून अधिक कर्जांना झाला.

कागदपत्रे न वाचताच त्यांवर सह्या करून जप्ती केल्याचे प्रकार २०१० मध्ये उघडकीस आले. त्यानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी केंद्र सरकार आणि ४९ राज्यांशी सुमारे २५ अब्ज डॉलरचा समझोता केला.

वाद आणि धडा

नियमित हप्ते भरणाऱ्यांनी थकबाकीदारांचा भार का उचलावा, असा आक्षेप या योजनांवर घेण्यात आला. एका घराची जप्ती शेजारच्या घरांच्याही किमती खाली ओढते, असे समर्थकांचे उत्तर होते.

१९३३ पासून, महामंदीच्या काळात, सरकारी महामंडळाने थकीत कर्जे स्वतः विकत घेतली आणि सुमारे दहा लाख कर्जदारांना नव्याने मुदत बांधून दिली. २००७ नंतर निर्णय प्रामुख्याने सर्व्हिसरच्या हाती राहिला. कोरोना साथीच्या वेळी मार्च २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने वेगळी वाट धरली. केंद्र सरकारचे पाठबळ असलेल्या कर्जांच्या जप्तीला स्थगिती देण्यात आली. अडचण असल्याचे कर्जदाराने केवळ सांगितले, तरी १८० दिवसांपर्यंत हप्ते थांबवण्याचा आणि मागणी केल्यास ती मुदत तेवढीच वाढवून घेण्याचा हक्क त्याला मिळाला. त्यासाठी कागदपत्रांची अट नव्हती. सवलत सर्व्हिसरच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने दिलेला हक्क ठरली, हा आधीच्या योजनांपासूनचा मोठा फरक होता.