कंबरेचा काच आणि सूक्ष्मदर्शक : ‘धोतर-कर्करोगा’च्या संशोधनाचा इतिहास

धोतर वा लुगडे कसून नेसणाऱ्या कष्टकऱ्यांच्या कंबरेभोवती दिसणारा काळसर, खरखरीत पट्टा मराठवाड्यात अपरिचित नाही. कापड काचले की असे व्हायचेच, असे मानून त्यास कोणी आजार म्हणत नाही. वेशभूषेच्या अभ्यासकांनी काठ-पदर व नेसण्याच्या पद्धती यांची नोंद सविस्तर केली; वस्त्राने शरीरावर उमटविलेल्या खुणेची नोंद मात्र विकृतिशास्त्राने घेतली.

१९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात चालीरीती व कर्करोग यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या भारतातील तीन नव्या प्रकारांपैकी एक धोतरामुळे कंबरेवर होणारा होता. काश्मिरातील कांगडीच्या शेकाने पोटाच्या त्वचेस होणारा कर्करोग वैद्यकास तत्पूर्वीच ठाऊक होता. तेथे कारण उष्णता, येथे घर्षण.

जंतुसंसर्ग नसतानाही त्वचेत दाह कसा निर्माण होतो, याचे हे बोलके उदाहरण होय. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा सर्वांत वरचा शृंगी थर जाड झालेला दिसतो. बाह्यत्वचेच्या पेशी वाढून तिची बोटांसारखी टोके अंतस्त्वचेत खोल उतरतात. रक्तवाहिन्यांभोवती लसिकापेशी जमतात. मेलॅनिन कोठे खाली झिरपते, कोठे नाहीसे होते. त्यामुळे काळे-पांढरे डाग पडतात. इथवरचे बरेचसे बदल वस्त्र सैल केल्यास ओसरू शकतात. क्वचित मात्र दीर्घकाळ न भरलेल्या जखमेत पेशींची केंद्रके मोठी व अनियमित होतात आणि त्या पेशी तळपटल भेदून खाली शिरतात. तोच कर्करोग.

‘धोतर-कर्करोग’ हे नाव सोयीचे असले तरी अपुरे वाटते. दोष वस्त्राचा नसून वर्षानुवर्षे एकाच रेषेवर पडणाऱ्या ताणाचा आहे. पुढे साडी व परकराची नाडी यांमुळे स्त्रियांनाही हा विकार होत असल्याचे आढळले. २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एक तर परकराविना लुगडे नेसणारी होती. निबंधाच्या शीर्षकात मात्र परकराचेच नाव आले!

धाराशिव जिल्ह्यात नित्य नऊवारी नेसणाऱ्या स्त्रिया आता बहुतांशी वृद्ध आहेत. झाकलेल्या जागेवरील जखम दवाखान्यात दाखविण्यास त्या संकोचतात. मौखिक इतिहासाच्या प्रश्नावलीत नेसण्याच्या पद्धतीबरोबर काचाविषयीही विचारावयास हवे, आणि तसे विचारण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.