मिठाच्या कुळातलं दूध

दुधात मिठाचा खडा पडला की दूध नासतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांचे दात किडू नयेत म्हणून दुधात फ्लोराइड मिसळण्याची कल्पना मात्र मिठाच्याच पोटी जन्माला आली, असं माझं ठाम मत आहे. प्रचलित समजूत वेगळी आहे. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली नळाच्या पाण्यात फ्लोराइड घातलं आणि पुढे पाण्याच्या जागी दूध आलं, असं सांगितलं जातं. पण दुधाचा प्रस्ताव १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला तो स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचे बालरोगतज्ज्ञ ऑयगेन त्सीग्लर यांनी. पहिला प्रस्ताव तिथूनच का यावा?

उत्तर तीस वर्षं मागे, गलगंडात सापडतं. आल्प्सच्या मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गावोगाव गळ्याला गाठी आलेली माणसं. हेरिसाऊचे शल्यचिकित्सक हान्स एगेनबर्गर यांनी खटपट केली आणि १९२२ साली आपेनझेल आउसररोडेन या छोट्या कँटनमध्ये आयोडीनयुक्त मीठ विक्रीला आलं. निसर्गात कमी पडलेलं द्रव्य रोजच्या खाण्यातून अत्यल्प मात्रेत द्यायचं, ही रीत तिथे रुजली. तीच वाट धरून हान्स वेस्पी या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिठात फ्लोराइडही घालावं असं सुचवलं. १९५५ साली झुरिक कँटनमध्ये ते मीठ मिळू लागलं. एगेनबर्गर, वेस्पी, त्सीग्लर हे तिघेही वैद्य. ना दंतवैद्य, ना पाणीपुरवठ्याचे अभियंते. देश एक, विचाराची पद्धत एक. फ्लोराइडचं ज्ञान पाण्याकडून आलं हे मान्य. पण ते अन्नातून द्यायची बुद्धी मिठाची.

दुसरा दावेदार अधिक तगडा आहे: मुडदुसावर उपाय म्हणून अमेरिकेत दुधात घातलं जाणारं ड जीवनसत्त्व. एका बालरोगतज्ज्ञाला ते ठाऊक असणारच आणि दुधाची निवड त्यावरून सुचली असेल, हे मी नाकारत नाही. तरीही ड जीवनसत्त्वाने फार तर भांडं पुरवलं. मातीपाण्यातली खनिजाची उणीव अन्नातून भरून काढायची, हा विचार स्विस मिठाचाच.

फ्लोराइडच्या दुधावर नेहमीचा आक्षेप असा, की दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून टाकेल आणि ते वाया जाईल. स्वीडनचे इंग्वे एरिक्सन यांनी १९५८ साली किरणोत्सारी फ्लोरीन वापरून या शंकेचा तपास केला. दुधातलं फ्लोराइड शोषलं जायला वेळ लागतो, पण ते शोषलं जातं, असं त्यांना दिसलं. पुराव्याचा आक्षेप जास्त वजनदार आहे: वैद्यकीय चाचण्यांच्या २०१५च्या कॉक्रेन आढाव्याला निकषांत बसणारी एकच चाचणी मिळाली. दुधाचे दात वाचल्याचं तिच्यात दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी ठरला. म्हणून नियोजन काटेकोर हवं.

मिठाचं कूळ इथे मार्ग दाखवतं: मिठासारखंच दूधही निवडून घेता येतं आणि मोजून देता येतं. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सला १९९३ साली शाळेत असं दूध सुरू झालं, ते पालकांच्या संमतीने. ज्यांना नको त्यांना साधं दूध. पाण्यात ही निवड राहत नाही. मात्राही पेल्यागणिक मोजता येते: लिटरला ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यातून १ मिलिग्रॅम मिळतं. पण सुट्टीत हा पेला चुकतो, आणि योजना बंद पडली की संरक्षणही ओसरतं. चिलीतल्या कोदेग्वा गावात १९९४पासून पोषण योजनेच्या दूध पावडरीतून फ्लोराइड दिलं गेलं. ते थांबल्यावर मुलांच्या दातांची स्थिती पुन्हा खालावली.

आपल्याकडे मात्र पहिलं पाऊल दुधाचं नसून पाणी तपासण्याचं आहे. चंद्रपूर, यवतमाळच्या कित्येक गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि त्याने दात डागाळतात, हाडं दुखावतात. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. स्विस वैद्यांनी आधी उणीव पाहिली, मग मीठ बदललं. जिथे उणीव नाही तिथे हे दूध औषध नव्हे, अपायच ठरेल. म्हणून शालेय दुधाची योजना आखणाऱ्यांनी गावाच्या पाण्याचा अहवाल हाती आल्याशिवाय फ्लोराइडचा विचारही करू नये.