माइल्सच्या मृत्यूचे कारण

दहा वर्षांचा एक मुलगा आपल्या शिक्षिकेच्या मिठीत मरतो. खोलीत तिसरे कोणी नाही. असलेच तर खिडकीबाहेर एक मेलेला नोकर. मृत्यूचे कारण लेखकाने सांगितलेले नाही, आणि हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’चे वाचक सव्वाशे वर्षे त्यावर भांडत आहेत. शेवटी समर्थ येऊन अघोरी शक्तीचा बंदोबस्त करतात, अशी नारायण धारपांची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना हा शेवट फार बोचतो.

कथाबीज आले एका धर्मगुरूकडून. ५ जानेवारी १८९५ला लंडनमध्ये जेम्स यांचे नाटक पडले. प्रेक्षकांनी त्यांच्या तोंडावर हुर्यो केली. त्याच आठवड्यात ते कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांच्याकडे गेले असता बेन्सननी एक ऐकीव हकीकत सांगितली: दुष्ट नोकर मरतात आणि पोरक्या मुलांना ओढून न्यायला परत येतात. १२ जानेवारीला जेम्सनी ती टिपून ठेवली. त्या टिपणात भुते खरीच आहेत. कथा छापून आली १८९८मध्ये, ‘कॉलियर्स वीकली’त, २७ जानेवारीपासून १६ एप्रिलपर्यंत क्रमशः.

पण लिहिताना एक फरक पडला, आणि सगळा वाद त्यातून निघाला. सांगणारी व्यक्ती बदलली. पाद्र्याची विशीतली मुलगी, पहिलीच नोकरी, ब्लाय नावाचा एकाकी वाडा. मुलांचे काका लंडनला हार्ले स्ट्रीटवर राहणारे. त्यांची अट एकच, मला कशासाठीही त्रास द्यायचा नाही. पीटर क्विंट आणि मिस जेसल ही भुते दिसतात ती तिला. घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोसना ती कधीच दिसत नाहीत. मुलांना दिसतात असे सांगणारीही तीच.

पहिल्या वाचकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. १९२४मध्ये एड्ना केंटन यांनी शंका काढली, आणि १९३४मध्ये एडमंड विल्सननी ती उघड मांडली: भुते नाहीतच, मालकावर जडलेल्या दाबलेल्या प्रेमातून झालेले हे भास आहेत. फ्रॉइडचा जमाना होता. गंमत अशी की ब्रॉयर-फ्रॉइड यांच्या १८९५च्या हिस्टेरियावरील ग्रंथात खरोखरच अशी एक रुग्ण आहे. व्हिएन्नाजवळ एका कारखान्याच्या संचालकाच्या मुलांना सांभाळणारी इंग्रज शिक्षिका, मालकावर मन बसलेली, तिला सतत जळक्या पुडिंगचा वास येई. जेम्सनी ते वाचले होते असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांचे बंधू विल्यम वैद्यकाचे पदवीधर, मानसशास्त्रज्ञ आणि लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीचे अध्यक्ष. बहीण ॲलिस आयुष्यभर मज्जाविकाराने अंथरुणाला खिळलेली. भूत आणि भास हे दोन्ही विषय त्यांच्या घरचेच होते.

विल्सनच्या मताला अडचण एकच, पण मोठी. कधी न पाहिलेल्या क्विंटचे वर्णन ती करते, लाल केस, डोक्यावर हॅट नाही, आणि मिसेस ग्रोस त्याला ओळखतात. १९४७मध्ये रॉबर्ट हाइलमन यांनी विल्सनना सडेतोड उत्तर देऊन भुतांची बाजू लढवली. त्याआधी १९०८च्या प्रस्तावनेत खुद्द जेम्सनी काय केले? दुष्टपणा मुद्दाम मोघम ठेवला, वाचकाने तो आपल्या मनातून भरावा, असे सांगून ते मोकळे झाले. वकिली उत्तर! बेंजामिन ब्रिटन यांना १९५४च्या ऑपेरात ही मोकळीक नव्हती. तिथे भुते रंगमंचावर येऊन गातात.

मग शेवटच्या पानाचे काय? ती माइल्सला खिडकीपासून दूर घट्ट धरून ठेवते आणि कबुली मागते. तो क्विंटचे नाव घेतो आणि त्याच दमात ‘सैतान’ म्हणतो. कोणाला, भुताला की तिला? नाव त्याला ठाऊक असणारच, क्विंट त्याचा जुना सोबती. त्यामुळे नावावरून काहीच सिद्ध होत नाही.

माझ्या दवाखान्यात लहान मुलाची तक्रार बहुधा आई सांगते. तिचे ऐकायचे, पण लिहिताना दोन रकाने मनात ठेवायचे: मुलाला काय होते आहे, आणि सांगणाऱ्याला काय वाटते आहे. समीक्षकांनी, मला वाटते, हे रकाने एकत्र केले. भूत होते की नाही हा एक प्रश्न, मूल कशाने मेले हा दुसरा. आमच्या स्याद्वादातला ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. एका ठरावीक अपेक्षेने निश्चित असेच ते विधान असते. तिच्या बाजूने पाहिले तर क्विंट खिडकीत आहे, हे नक्की. माइल्सच्या बाजूने पाहिले तर त्याच्याभोवती आवळत गेलेले हात तिचे आहेत, हेही तितकेच नक्की, आणि हाइलमन यांनाही ते नाकारता येणार नाही. भूत खरे धरले तरी ते हात सुटत नाहीत.

आणखी एक गोष्ट पाहावी. या मृत्यूनंतर डॉक्टर येत नाही, काकांना पत्र जात नाही, चौकशी होत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मित्रमंडळींत ही गोष्ट निघाली होती, तिथेही जेम्स आपल्याला परत नेत नाहीत. हस्तलिखित जपणारा डग्लस सुरुवातीलाच एक माहिती सहज सांगून जातो: ही बाई पुढे त्याच्या बहिणीची शिक्षिका होती. म्हणजे ब्लायनंतर कोणीतरी तिच्या हाती पुन्हा मूल सोपवले होते. त्यांना माइल्सबद्दल काय सांगण्यात आले होते, ते पुस्तकात नाही.