परभाषेची परीक्षा : एक ऐतिहासिक मागोवा

एखादी भाषा ‘येते’ म्हणजे नेमके काय येते, हा प्रश्न मातृभाषेच्या बाबतीत सहसा कोणी विचारीत नाही. तो उद्भवतो तो दुसऱ्या भाषेच्या बाबतीत. शाळेसाठी वा नोकरीसाठी परकी भाषा आवश्यक ठरली, की ती किती येते हे मोजणे भाग पडते. आणि माप जसे असेल, तसाच विद्यार्थी घडतो. या मापांचा इतिहास आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना उद्बोधक वाटेल.

इ. स. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिले. कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू होता. तेथे मराठीचे अध्यापन विल्यम केरी यांच्याकडे होते व त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य लाभले. केरींचे मराठी व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली प्रसिद्ध झाला. या कॉलेजात देशी भाषांतून जाहीर वादसभा भरत आणि विद्यार्थ्यास प्रतिष्ठितांसमोर उभे राहून परभाषेत आपला पक्ष मांडावा लागे. तथापि विषय आधीच ठरलेला असल्याने पाठांतरालाही तेथे पुष्कळ वाव होता. पुढे मुंबई इलाख्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनाही मराठीच्या परीक्षा द्याव्या लागल्या. मात्र परीक्षेपुरती मराठी शिकणारे कोठे आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध करणारे मोल्सवर्थ कोठे! परीक्षा उंबरठा दाखविते. घरात किती आत जावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

परदेशातही हा गुंता सहज सुटला नाही. केंब्रिज विद्यापीठाने परभाषिकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा प्रथम १९१३ साली घेतली. सुमारे बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, निबंध, व्याकरण, उच्चारशास्त्र आणि संभाषण असा भरगच्च कार्यक्रम होता. तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले! पुढे १९६१ साली रॉबर्ट लॅडो यांच्या ग्रंथाने भाषेचे लहान लहान घटक करून ते स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत रूढ केली. १९६४ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या ‘टोफेल’ परीक्षेत आरंभी उमेदवारास बोलावयास लावणारा भागच नव्हता. २००१ साली युरोपीय परिषदेने सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली. तीत गुणांऐवजी ‘हा मनुष्य या भाषेत काय करू शकतो’ हा प्रश्न केंद्रस्थानी आला.

आपल्या देशात हिंदीच्या परीक्षांनी मोठेच कार्य केले. १९१८ साली मद्रासेत व १९३६ साली वर्ध्यास प्रचारसंस्था उभ्या राहिल्या. ‘कोविद’, ‘विशारद’ या पदव्या अहिंदी घरांतून अभिमानाने मिरविल्या गेल्या. १९५५ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या हिंदी शिक्षणाचे काम गृहमंत्रालयाकडे आले. प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ या त्यातील परीक्षा होत. दक्षिणेकडील भाषा बोलणाऱ्याने प्रबोधपासून आरंभ करावयाचा, मराठी भाषकाने मात्र एकदम प्रवीणपासून. आपली भाषा हिंदीची शेजारीण आहे, हे सरकारनेच जणू मान्य केले.

शेजार मात्र फसवाही असतो. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर मराठीत ती छडीची भाषा. हिंदीतील ‘चेष्टा’ हा प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. लिपी एक असल्याने वाचता येते, म्हणून समजले असा भास होतो. जवळच्या भाषेची परीक्षा म्हणूनच अधिक सावधपणे घ्यावी लागते.

१९७६ च्या राजभाषा नियमांत ‘प्रवीणता’ आणि ‘कार्यसाधक ज्ञान’ असे दोन टप्पे मानले आहेत. मॅट्रिकला हिंदी विषय असल्यास वा प्राज्ञ उत्तीर्ण झाल्यास कार्यसाधक ज्ञान आहे असे समजले जाते. किंवा कर्मचाऱ्याने तसे लिहून दिले तरी चालते! प्रमाणपत्र, परीक्षा आणि स्वतःचा शब्द अशी तीन मापे एकाच नियमात आहेत. ती एकच गोष्ट मोजतात काय, याचे उत्तर टेबलावर फाईल आली, म्हणजे मिळते.

या भूमीत मराठी माणसाने हिंदी कशी आत्मसात केली, याचे उत्तम उदाहरण माधवराव सप्रे यांचे आहे. मराठी घरातील या पुरुषाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यांची १९०१ सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही अनेक अभ्यासकांच्या मते हिंदीतील पहिली कथा होय. दासबोध व गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. त्यांची परीक्षा वाचकांनी घेतली. मराठी न सोडता हिंदीत श्रेष्ठता मिळविता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

१९५६ पर्यंत हा प्रदेश व नागपूर एकाच राज्यात होते. त्याच सुमारास, २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा कारखाना आकारास आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तज्ज्ञ आणि प्रांतोप्रांतीचे कामगार येथे एकत्र आले. तप्त लोखंडाशेजारी दिलेली सूचना समजली की नाही, याचा निकाल तत्काळ लागतो. तेथे पस्तीस टक्क्यांचे उत्तीर्णत्व उपयोगाचे नाही.

आता प्रश्न आपल्या घरचा. येथील पहिल्या पिढीला हिंदी ही दुसरी भाषा होती. तिसऱ्या पिढीची शाळा हिंदीची वा इंग्रजीची. तिला मराठीच दुसरी भाषा झाली आहे. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन या चार अंगांनी पाहिले, तर आपल्या अनेक मुलांना आजीचे बोलणे समजते, पण उत्तर हिंदीत येते. अक्षरे वाचता येतात, पण वाक्याचा अर्थ निसटतो. लेखन तर जवळजवळ नाहीच. ‘आमच्या मुलाला मराठी येते’ हे आपले स्वयंघोषित प्रमाणपत्र कितपत खरे, हे सुवर्णमहोत्सवी वर्षी तपासून पाहावयास हवे.

त्यासाठी नापास करणारी परीक्षा नको. नागपूरच्या काकूंशी दूरध्वनीवर पाच मिनिटे केवळ मराठीत बोलणे, घरी आलेली लग्नपत्रिका वाचून तिचा मजकूर सांगणे, गणेशोत्सवात एखादी गोष्ट न वाचता कथन करणे, आजोबांना आठ ओळींचे पत्र लिहिणे एवढ्या चार कसोट्या मंडळाने दरवर्षी प्रेमाने घ्याव्यात. काय येते ते टिपावे, त्याचे कौतुक करावे आणि पुढच्या वर्षीची पायरी दाखवावी. पन्नास वर्षे मंडळाने मराठी माणसे एकत्र ठेविली. यापुढे त्यांच्या नातवंडांच्या तोंडी मराठी राहिली, तरच शताब्दीची स्मरणिका वाचावयास कोणी असेल.