पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा पहिल्यांदाच घराघरांत पोहोचला. अंजली दमानिया यांनी तो जाहीरपणे मांडला : 1,222. शेजारच्या परभणीचा आकडा त्यांनी 32 सांगितला होता. पाठोपाठ कमरेला पिस्तूल लावलेले फोटो आणि परळीतला हवेतल्या गोळीबाराचा व्हिडिओ फिरला, गुन्हे दाखल झाले, परवान्यांची छाननी झाली, अनेक परवाने रद्दही झाले. मात्र देशमुखांना मारणाऱ्यांनी गोळी झाडलेली नव्हती. त्यांना उचलून नेऊन मारहाण करून मारलं गेलं. ज्या जिल्ह्यात एवढी परवान्याची हत्यारं आहेत, तिथे माणूस मारायला त्यांची गरज पडली नाही.

मग ही हत्यारं कशासाठी आहेत? त्यासाठी आधी ती मुळात कशासाठी बनली ते पाहावं लागतं. विशेषतः हलकं रिव्हॉल्व्हर, कारण खिशात, पर्समध्ये, सदऱ्याखाली बसणारं हत्यार तेच.

रिव्हॉल्व्हर जन्माला आलं तेव्हा हलकं नव्हतं. सॅम्युअल कोल्टने 1836 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. 1847 चं त्याचं ‘वॉकर’ मॉडेल दोन किलोच्या आसपास भरायचं आणि घोड्याच्या खोगिराला लटकवलं जायचं. ब्रिटिश फौजेचं .455 वेब्ली पहिल्या महायुद्धात किलोभराहून जड होतं. त्या युद्धात सैन्याला एक अडचण जाणवली. घाईत भरती केलेल्या, कमी सराव झालेल्या माणसाला हे धूड आणि त्याचा धक्का सांभाळता येत नाही. म्हणून पुढे 1932 मध्ये .38 चं एनफिल्ड आलं, पाऊण किलोच्या थोडं वर. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .32 रिव्हॉल्व्हर याच वेब्ली घराण्यातलं, मधून मोडून उघडणारं. ते .32 च का, तर .38 आणि .455 ही फौजेची-पोलिसांची काडतुसं असल्याने सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत.

खरं हलकेपण आलं ते 1950 च्या सुमारास. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरायला सुरुवात केली. गिऱ्हाईक ठरलेलं होतं : साध्या वेशातला पोलीस, जो दिवसभर हत्यार बाळगतो आणि बहुतेक दिवस ते बाहेर काढतही नाही. अमेरिकन हवाई दलाला वैमानिकांसाठी त्याहूनही हलकं हवं होतं. त्यांनी काडतुसांचं फिरतं चक्रसुद्धा ॲल्युमिनियमचं करून घेतलं, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास आणलं. ती चक्रं दाब सोसेनात, फुटू लागली. दशक संपता संपता हवाई दलाने ती रिव्हॉल्व्हरं मोडीत काढली. पुढे टायटॅनियम आलं, स्कँडियम आलं, धातू मजबूत झाला. पण मग दुसरंच दुखणं समोर आलं : जोरदार काडतुसं अतिशय हलक्या हत्यारातून झाडली, तर धक्क्याने न झडलेल्या काडतुसांमधल्या गोळ्याच पुढे सरकतात आणि चक्र अडकतं.

धक्क्याचा हिशोब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. गोळी पुढे जाते, हत्यार मागे येतं. तेच काडतूस बाराशे ग्रॅमच्या हत्यारातून झाडा आणि पाचशे ग्रॅमच्या हत्यारातून झाडा, दुसऱ्यात हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळपास अडीचपट. म्हणजे बाळगायला जे सोपं, ते चालवायला अवघड. दुसरी गंमत चापाची. अशा लहान रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी चढवला नसेल, तर चाप ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो. हत्यार अर्धा किलोचं आणि बोटाचा ओढा पाच किलोचा, मग नळी हलणारच. तिसरी गोष्ट नेमीची. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर पुढची माशी आणि मागची खाच यांत सुमारे बारा सेंटिमीटर अंतर धरू. नेम धरताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर 25 मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. तेवढ्याच अंतरावरच्या ऑलिंपिक लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अवघं पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं.

म्हणूनच स्पर्धेतला नेमबाज हलकं हत्यार मागत नाही. 25 मीटरच्या पिस्तुलाला नियमाने 1,400 ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. वजन पुढे असलं की हात स्थिरावतो, धक्का मुरतो. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने 1999 मध्ये रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या. सगळं मिळून 2.99 सेकंदांत. ते रिव्हॉल्व्हर जाडजूड पोलादी होतं, खिशातलं नव्हतं. आपल्याकडच्या परवानाधारकाच्या कमरेला असतं तेच .32 काडतूस सेंटर फायर या स्पर्धाप्रकारात पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं आहे. याच प्रकारात जसपाल राणाने 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 मध्ये पालेमबंगला 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेही बरोबरी फोडणाऱ्या फेऱ्यांनंतर. तिचं पिस्तूल .22 चं, धक्का नगण्य, आणि तरी त्यामागे हजारो गोळ्यांचा सराव. हलक्या रिव्हॉल्व्हरला परदेशात काही सामन्यांत वेगळा गट असतो, पण तिथेही अंतरं थोडीच ठेवलेली असतात.

लढाऊ वापरातही त्याची जागा ठरलेली आहे. मुख्य हत्यार हातातून गेलं, अडकलं, समोरचा दोन-तीन हातांवर आला, तेव्हाचं हे शेवटचं हत्यार. ते घोट्याला किंवा आतल्या खिशात बांधलेलं असतं आणि कोणाला दिसत नाही. दिसलं तर समोरचा सावध होतो आणि त्याचा उपयोगच संपतो.

2014 च्या जानेवारीत कानपूरने ‘निर्भीक’ आणलं. डिसेंबर 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असं : टायटॅनियमचा मिश्रधातू, .32, सहा गोळ्या, 500 ग्रॅम. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा दोनशे-अडीचशे ग्रॅमने हलकं. किंमत 1,22,360 रुपये. ज्या बाईला रात्री एसटी स्टँडवरून पायी घरी यायचंय, तिच्या वर्षाच्या कमाईहून जास्त. परवान्याच्या चकरा आणि सराव वेगळेच. ज्याच्याकडे आधीच गाडी, माणसं आणि वट आहे, त्यालाच ते परवडणार होतं.

बीडमध्ये नेमकं हेच उलटं झालेलं दिसतं. लपवण्यासाठी घडवलेली वस्तू दाखवण्यासाठी वापरली जाते. सदरा मुद्दाम वर खोचलेला, हात कमरेवर, मागे गाडी. वाळूच्या, राखेच्या, टेंडरच्या दुनियेत कमरेचा तो फुगवटा गोळी न झाडताच काम करतो. शिवाय त्यावर सरकारी शिक्का असतो : ‘साहेबांनी मला दिलंय.’ गावठी कट्ट्याला जी इज्जत नाही, ती या कागदाला आहे.

हा कागद कोणाकडे असतो, कोणाकडून जातो, हा प्रश्न मराठवाड्यात जुना आहे. निजामाच्या काळात इथे रझाकारांच्या हातात बंदुका होत्या आणि त्यांनी केलेला जुलूम खरा होता. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर चित्र फिरलं. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोंदवलं की मुसलमानांची हत्यारं काढून घेतली गेली आणि हिंदूंकडे ती बऱ्याचदा राहिली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे. त्याखालोखालच्या चार जिल्ह्यांत बीडचं, तेव्हाच्या कागदांतल्या ‘भीर’चं, नाव आहे. त्या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार मृत्यूंचा अंदाज समितीने दिला. हा अहवाल सर्वसामान्यांना पाहायला मिळाला तो 2013 च्या सुमारास. रझाकाराच्या हातात असो की नंतरच्या जमावाच्या, हत्यार कुठल्या बाजूला आहे यावर गावाचं नशीब ठरलं, हे आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आपल्यातली काही तरुण पोरंही हल्ली स्टेटसला पिस्तुलाचे फोटो ठेवतात, म्हणून एक आठवण. तीरंदाजीचा सराव करायला प्रोत्साहन देणाऱ्या हदीस प्रसिद्ध आहेत आणि त्या पोरांना पाठ असतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत दुसरीही शिकवण आहे : मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने टोकं मुठीत धरावीत, आणि हत्याराचं तोंड भावाकडे करू नये. ही फारशी कोणी सांगत नाही.

कायद्यातही आता तरतूद आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली. एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि लग्न-मिरवणुकीतल्या गोळीबाराने कोणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 2016 च्या नियमांप्रमाणे परवान्यासाठी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. पाच किलोचा चाप आणि बारा सेंटिमीटरची नेम यांचा हिशोब तिथे शिकवला जाणं अपेक्षित आहे. कमरेला हात लावून फोटो काढणाऱ्याला 25 मीटरवर सहा गोळ्या कागदावर लावून दाखवा म्हटलं, तर त्या वीस सेंटिमीटरमध्ये कुठे कुठे पडतील, हे बाराशे परवान्यांच्या छाननीत कोणी तपासलं असतं तर यादी आणखी लवकर आटली असती.